टीव्ही चॅनेल सगळ्या उमेदवारांना सारखी संधी देतात का, की सगळं मॅनेज असतं? आणि तक्रार कुठे करायची?

सारखी संधी नाही देत. पण सगळं पैसे घेऊन मॅनेज असतं असंही नाही. पक्षपात पैशाच्या आधीच होऊन जातो, कॅमेरा कोणाकडे पाठवायचा हे ठरतं ना, तिथेच. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात न्यूज चॅनेलसाठी स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीवर नसलेला बातमीदार होतो, २०१४ आणि २०१९ च्या निवडणुका केल्यात, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतो.

स्ट्रिंगरला पगार नसतो. स्टोरी लागली, म्हणजे चॅनेलवर दाखवली, तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल पण खिशातून. २०१४ च्या विधानसभेला आमच्याकडे एक रिटायर्ड शिक्षिका अपक्ष उभ्या होत्या. बाईट द्यायला, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलायला आल्या तेव्हा वहीच्या दोन पानांवर मुद्दे लिहून आणलेले, उन्हाळ्यात कुठल्या वाडीवर टँकर किती दिवसांनी आला याचा तारखेसकट हिशोब होता त्यात. चॅनेलचा माइक बघून दोनदा अडखळल्या, मग जे बोलायला लागल्या ते सात मिनिटं थांबल्या नाहीत. मी फुटेज पाठवलं. थोड्या वेळाने चॅनेलच्या ऑफिसातून, कोणती बातमी करायची ते ठरवणाऱ्या असाइनमेंट डेस्कवरून फोन, अपक्ष आहेत ना, मग कोणाची मतं खाणार तेवढं विचारून घे, बाकी नको. मी परत गेलो आणि खरंच तेवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मतं खायला नाही, मागायला उभी आहे मी." ते पण लागलं नाही. त्या निवडणुकीत मी पुन्हा एकाही अपक्षाकडे कॅमेरा नेला नाही. मला कोणी पैसे दिले नव्हते की दम दिला नव्हता, मला फक्त माझं पेट्रोल दिसत होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

हे "मतं खाणार" प्रकरण लहान उमेदवारापुरतं नाहीये. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीच्या सभांना मैदानं भरत होती, प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर दोन्हीकडून उभे होते, पण चर्चेत प्रश्न फिरून फिरून एकच, वंचितचा फटका कोणाला बसणार आणि ही भाजपची बी टीम आहे का. राज्यात त्यांना, सोबतचा एमआयएम धरून, ४० लाखांच्या वर मतं पडली. एवढ्या लोकांनी मत का दिलं, त्यांचं म्हणणं काय, हे निकालाच्या आधी किती चॅनेलनी नीट दाखवलं?

त्याच निवडणुकीत उलटं उदाहरण पण आहे. मनसेने ४८ पैकी एकही जागा लढवली नव्हती, तरी राज ठाकरेंच्या मोदींविरोधातल्या "लाव रे तो व्हिडिओ" वाल्या सभा चॅनेलनी लाइव्ह दाखवल्या. मला स्वतःला त्या सभा आवडल्या होत्या, हरिसाल या सरकारी जाहिरातीतल्या "डिजिटल गावा"चं जे दाखवलं ते तर पत्रकारांनी आधीच करायला हवं होतं. पण भाजपने तेव्हा निवडणूक आयोगाकडे विचारलं की या सभांचा खर्च धरायचा कोणाच्या नावावर, तो प्रश्न रास्तच होता, आणि हाच प्रश्न मोदींच्या प्रत्येक लाइव्ह सभेलाही तितकाच लागू होतो. निकालात भाजप-शिवसेनेला ४१ जागा मिळाल्या, म्हणजे टीव्हीवर दिसलं की मतं मिळतात असं काही सरळ गणित नाही. पण टीव्हीवर अजिबात न दिसणारा माणूस लोकांच्या बोलण्यातच येत नाही, हे मात्र मी गावोगाव पाहिलंय.

अजून एक गोष्ट बघणाऱ्याला कळत नाही. मोठ्या सभेचं फीड, म्हणजे लाइव्ह चित्रण, बऱ्याचदा पक्षच देतो. पाच-सहा कॅमेरे, वर जिमी जिब म्हणजे क्रेनवरचा कॅमेरा, सगळं त्यांच्याच माणसांचं, आम्हाला फक्त केबल जोडायची किंवा लिंक घ्यायची. जिब गर्दीवरून फिरतो तो पुढच्या भरलेल्या भागावरूनच, मागच्या रिकाम्या खुर्च्या त्या फीडमध्ये कधीच येत नाहीत. चॅनेलचा खर्च वाचतो म्हणून सगळे घेतात, आणि स्क्रीनवर "पक्षाने पुरवलेली दृश्यं" असं लिहिलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. छोट्या पक्षाकडे जिब कुठून येणार?

कायदा म्हणाल तर तो अर्धवट आहे. २०२२ पासून विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख, जाहिरात केली तर ती त्यात धरतात, पण चॅनेलने तासभर लाइव्ह दाखवलं तर बातमी म्हणून शून्य. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना फुकट वेळ मिळतो, पण फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, अपक्षाला नाही. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते आणि त्यातले निम्मे अपक्ष, यावरून विचार करा. मतदानाआधी ४८ तास टीव्हीवर प्रचार बंद असतो, पण २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्पे होते, त्यामुळे विदर्भात लोक रांगेत उभे असताना दुसरीकडची सभा घरात लाइव्ह चालूच.

माझा मावसभाऊ लंडनला असतो, त्याने सांगितलं तेव्हा मला पटलंच नव्हतं, पण तिथे नियमच आहे की अर्ज भरायची मुदत संपल्यावर एखाद्या मतदारसंघावर रिपोर्ट केला तर सगळ्या उमेदवारांची नावं पक्षासकट, अपक्ष असेल तर तसं सांगून, बोलून किंवा स्क्रीनवर दाखवावीच लागतात. एवढं जरी आपल्याकडे झालं ना तरी त्या बाईंचं नाव निदान एकदा टीव्हीवर आलं असतं.

तक्रारीचं म्हणाल तर बातमी पैसे घेऊन लावलीय असा संशय असेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जा, तिथे पेड न्यूज आणि जाहिराती तपासायला समिती असते. बातमी किंवा चर्चाच एकतर्फी वाटली तर आधी चॅनेलला लेखी कळवावं लागतं, आणि ते कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत. उत्तर पटलं नाही तर पुढे एनबीडीएसएकडे, म्हणजे न्यूज चॅनेलच्या संघटनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, पण ते चॅनेल त्या संघटनेचं सदस्य असेल तरच. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं कोण काय बोललं ते बघतानाच लिहून ठेवा, जमलं तर रेकॉर्ड करा, नुसतं "पक्षपाती आहे" असं लिहून पाठवलं तर कोणी दखल घेत नाही.