कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) दर वेळी नॉर्मल, तरी लघवीला जळजळ आणि सारखी धाव. दुर्बिणीची तपासणी खरंच करावी लागते का?

मी डॉक्टर नाही, पण याच वाटेने गेले आहे. माझी दीड वर्षात पाच कल्चर झाली, पाचही वेळा 'नो ग्रोथ'.

अशा त्रासामागे जंतूंशिवायची मूत्राशयाची सूज (इंटरस्टिशियल सिस्टायटिस) असू शकते. तिच्यासाठी 'ही पॉझिटिव्ह आली की तोच आजार' अशी एकच तपासणी नाही. बहुतेक तपासण्या इतर आजार बाजूला काढायला असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) आहेत का, ते आधी बघा. पस सेल्स भरपूर आणि साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं असेल तर टीबीची शंका घ्यावी लागते. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी देतात. टीबीच्या कल्चरला काही आठवडे लागतात, तेव्हा दोन दिवसांत रिपोर्ट मागून भांडू नका (मी भांडले होते).

मला सगळ्यात उपयोगी पडली ती फुकटातली तपासणी. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसकट लिहायची. माझ्या वहीत ७०, ९०, ६० मिली असे आकडे होते, रात्रीसुद्धा. निरोगी मूत्राशयात ४०० मिलीच्या आसपास सहज मावते. युरॉलॉजिस्टनी जाडजूड फाइल बाजूला सारून आधी ती वही वाचली.

आता दुर्बीण. सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून बघणं, सगळ्यांनाच लागत नाही, पण दोन गोष्टी तिच्याशिवाय नीट कळत नाहीत. पहिली, मूत्राशयाच्या अस्तरावरचे हनरचे व्रण. गाय हनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. हे लालसर चट्टे सापडले तर तिथल्या तिथे जाळता येतात किंवा त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, म्हणजे उपचारच बदलतो. दुसरी, अस्तरातला वरवरचा कर्करोग. तो कधी कधी हुबेहूब सुजेसारखा दिसतो, त्रासही तोच देतो. म्हणून संशयित जागेचा तुकडा बायोप्सीला पाठवतात. लघवीतून रक्त जात असेल, वय जास्त असेल किंवा सिगारेट ओढत असाल तर मात्र टाळाटाळ नको.

माझी तपासणी बधिर करणारी जेली लावून, जागेपणीच झाली. नळी आत जाताना झोंबलं, पाणी भरताना 'आता होतेच' असं वाटलं. मग स्क्रीनवर गुलाबी अस्तर, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, आणि मूत्रवाहिनीच्या तोंडातून मधूनच उडणारी लघवीची चिळकांडी. दुखणं विसरून बघत बसले. पुढे दोन दिवस जळजळ होती. ताप, थंडी किंवा लघवी अडकणं झालं तर लगेच फोन करायला सांगितलं होतं. मला व्रण नव्हते.

भूल देऊन मूत्राशय ताणलं जाईपर्यंत पाणी भरतात तो प्रकार वेगळा. त्यानंतर दिसणारे रक्ताचे ठिपके काही त्रास नसलेल्यांतही आढळतात, त्यामुळे 'ठिपके आहेत' एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही. युरोडायनॅमिक्स (मूत्राशयातला दाब आणि लघवीचा वेग मोजणारी तपासणी) लघवी पूर्ण होत नसेल किंवा गळत असेल तर करतात. पोटॅशियमची चाचणी (मूत्राशयात पोटॅशियमचं पाणी भरून त्रास होतो का ते बघणं) कोणी सुचवली तर कारण विचारा. ती दुखते, आणि त्यातून फारसं काही कळत नाही म्हणून आता मागे पडली आहे.

तारीख घेताना विचारून घ्या: जेलीवर की भूल देऊन? बायोप्सीची शक्यता आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा.