कुत्र्याला शिकवताना खाऊऐवजी खेळणं बक्षीस म्हणून चालेल का?

चालेल, आणि वर्षभराच्या लॅब्रॅडॉरला तर मस्त चालेल. पण बॉल मिळाला की तो बेडमागे पळतो, परत देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. खरी अडचण तीच आहे. बॉल घेऊन एकट्याने चघळण्यात मजा येत असेल, तर तुमची गरजच उरली नाही. त्याला तुमच्याबरोबरच्या ओढाताणीची गोडी लागायला हवी.

त्यासाठी बॉल सध्या कपाटात ठेवा. जुन्या टीशर्टच्या पट्ट्यांची जाड, दोनेक फूट लांब वेणी घाला. एक टोक त्याच्या तोंडात, दुसरं तुमच्या हातात. अशा दोन वेण्या हव्यात.

आधी 'सोड' शिकवा. दहा-पंधरा सेकंद खेळा, मग हात मांडीला टेकवून वेणी अगदी स्थिर धरा. हिसका दिलात की त्याला खेळ चालू आहे असंच वाटतं, म्हणून हात हलू देऊ नका. ओढणं थांबलं की त्यातली गंमत जाते आणि पकड सुटते. सुटली त्या क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि लगेच खेळ पुन्हा सुरू करा. सोडलं की खेळ संपतो, हे गणित त्याच्या डोक्यात बसलं की पळवापळवी सुरू होते. बहुतेक घरांत बिघडतं ते इथेच. अजिबात सोडत नसेल तर दुसरी वेणी जमिनीवर वळवळवा. जबडा उघडायला जाऊ नका.

मग 'ये', 'बस' यांना हेच बक्षीस. वेणी खिशात लपलेली हवी, काम झाल्यावर बाहेर यावी. आधी दाखवून बोलावलंत तर वेणी दिसली तरच यायची सवय लागते. ओढाताण जमिनीला समांतर ठेवा. वर उचलून झटके दिले तर मानेवर ताण येतो. (चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, त्याच्याशी जोरात ओढू नये.) सोसायटीच्या पार्किंगमधल्या गुळगुळीत फरशीवर हा खेळ नकोच, पाय घसरतात.

'थांब' किंवा चटईवर शांत पडून राहणं शिकवताना मात्र खाऊच बरा. खेळण्याने कुत्रा चेकाळतो, आणि चेकाळलेल्या कुत्र्याकडून स्वस्थपणा मागण्यात अर्थ नाही.

बॉल पुढे आणाल तेव्हा घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या. टेनिस बॉल फेकायला ठीक, पण तासन् तास चघळायला देऊ नका, वरच्या लवेने दात झिजतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. लॅबला दमल्याचं कळत नाही, तो उन्हातही पळत राहतो. टेकडीवर नेत असाल तर दोरी सोडू नका आणि भटकी कुत्री दिसली की वेणी खिशात टाका. त्यांच्यासमोर खेळणं काढलं की भांडण ठरलेलं.