थारला आधी लिफ्ट किट बसवावे की मोठे टायर?

आपल्याकडे २०२० नंतरची फोर बाय फोर थार आहे आणि पावसाळ्यात मावळ-मुळशीच्या कच्च्या वाटांसाठी तिला तीन इंची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडीची उंची वाढवणे) व ३३ इंची टायर बसवावेत का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी टायर ठरवावा आणि तो कुठेही न घासता फिरण्यासाठी जेवढी लागेल तेवढीच उंची घ्यावी. तीन इंच घेऊ नयेत.

याचे कारण गाडीच्या मागच्या बाजूला आहे. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा) आहे; त्यामुळे स्प्रिंग उंच केल्या की चासी वर जाते, परंतु अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून पूर्वी होता तेवढ्याच अंतरावर राहतो. मी स्वतः आधी दोन इंची स्पेसर (स्प्रिंगजवळ बसवायचे, उंची वाढवणारे ठोकळे) बसवले होते. पहिल्याच पावसात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत उतरलो, मधल्या उंचवट्यावर हाच गोळा टेकला आणि वाढवलेल्या उंचीचा काडीचाही उपयोग झाला नाही. तो गोळा उचलतो तो फक्त टायर, आणि तोही त्याच्या व्यासातील वाढीच्या निम्म्यानेच. मूळ २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर आहे, तर ३३ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१. म्हणजे खरा लाभ २१ मिलिमीटरचा.

या २१ मिलिमीटरची किंमतही असते. घेर पाच टक्क्यांनी वाढल्यामुळे प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, चढणीवर इंजिन जड वाटते, जड चाक थांबवताना ब्रेकवर अधिक ताण येतो आणि मूळ टायरवर स्पीडोमीटरचा काटा ज्या जागी असताना खरा वेग ताशी ८० किलोमीटर होता, काटा त्याच जागी असताना तो आता ८४ असतो.

पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने तिथे उंची वाढवली की अ‍ॅक्सलच्या सांध्यांचा कोन तिरपा होतो, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि कॅम्बर-कॅस्टर (चाकांच्या बसवणीचे कोन) बिघडून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. दीड-दोन इंचांपर्यंत अलाइनमेंटने बहुधा सावरता येते. त्यापुढे वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) बदलावे लागतात. स्पेसर स्वस्त पडतो, पण तो केवळ उंची देतो आणि चाकाला खाली लटकायला उरणारा प्रवास खाऊन टाकतो. म्हणून स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर जोडीनेच घ्यावेत, आणि तेही विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र), लोखंडी बंपर व नेहमीचे सामान यांचे वजन करून. कारण जड गाडीसाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसवली, तर खडकाळ वाटेवर चाक जमिनीला धरून राहत नाही.

आपल्या वापरासाठी मी १७ इंची रिमवर २६५/७० चा ऑल टेरेन (रस्ता व कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर सुचवेन. व्यास जेमतेम १४ मिलिमीटरने वाढतो, परंतु टायरची बाजू सुमारे २० मिलिमीटरने उंच होते; त्यामुळे चिखलात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवता येते आणि टायर पसरून पकड घेतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी, म्हणून पंप सोबत हवाच. मड टेरेन टायर चिखलात निश्चित सरस आहे, पण आपण सोमवार ते शुक्रवार याच गाडीने कार्यालयात जाता, आणि ओल्या घाटरस्त्यावर ब्रेक मारताना मोठ्या ठोकळ्यांचा हा टायर मला कधीच भरवशाचा वाटलेला नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब आणखी स्पष्ट केली आहे. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

टायर पाच घ्यावेत, कारण वेगळ्या व्यासाची स्टेपनी फोर बाय फोरमध्ये चालवणे डिफरन्शियलला घातक ठरते. नवा टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एक चाक उंच दगडावर चढवून तो कुठे घासतो ते पाहावे. कुठेही घासत नसेल, तर लिफ्ट घेण्याची गरजच नाही.