"बायोडाटा पाठवतो, पण फोनच येत नाही"

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी भागातली मुलं नोकरीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, इतके बायोडाटे पाठवले, एकही फोन नाही." पाठोपाठ दुसरं : "खेड्यातल्या पोराले कोन घेते जी?" यंदा हे इतक्यांदा ऐकलं की एका मुलाबद्दल लिहायचं ठरवलं. त्याची परवानगी आहे, ओळख बदलली आहे. त्याला गजानन म्हणू.

बी.कॉम., टॅली येतं, बुटीबोरीपासून पुण्यापर्यंत चाळीसेक अर्ज. त्याचा कागद पाहिला. फोटो, वडिलांचं नाव, धर्म, जात, उंची, छंद आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे'. झेरॉक्सच्या दुकानात सगळ्यांना हाच साचा मिळतो, लग्नाच्या बायोडाट्याचा सख्खा भाऊ. नोकरी देणारा एका कागदावर काही सेकंदच नजर टाकतो. त्याला एवढंच शोधायचं असतं : हा आधी काय करत होता, आणि माझं काम करेल का? गजाननच्या कागदावर २०२१ ची पदवी होती आणि त्यापुढे २०२४ पर्यंत काहीच नव्हतं.

"ही तीन वर्षं काय केलंस?"

"काईच नाई, मॅडम. घरीच होतो."

दोन भेटींत हेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी बायोडाटा बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, "घरचा कापूस विकला का?" पोरगा एकदम ताठ बसला. आठ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यावर टक्क्याटक्क्याला कपात, बारा टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेत नाही, हे त्यानं न अडखळता सांगितलं.

"तुला हे इतकं कसं माहीत?"

"कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर बसत होतो न, तीन हंगाम. बाबांचं आजारपण होतं. दिवसाले चाळीस-पन्नास गाड्या. वजन, कपात, चुकारा, समदं रजिस्टर माह्याकडंच."

"हिशोब कधी चुकला?"

"एकडाव. रातभर बसून शोधला."

"मग हे कागदावर का नाही?"

बराच वेळ तो खाली पाहत राहिला. "ते का नोकरी होय का, मॅडम? मजुरीच होय."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढले. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत जास्त छळते, हे त्यांचं म्हणणं मी रोज खरं होताना पाहते. पण त्या दिवशी मला एक पाऊल पुढचं दिसलं. 'आपलं काम कामच नाही' ही जी समजूत गजाननची झोप उडवत होती, तिनंच तो कागद लिहिला होता. नुसता धीर देऊन मी त्याला परत पाठवलं असतं, तर तोच कागद आणखी चाळीस ठिकाणी गेला असता. मला आजही त्या तिसऱ्या भेटीचं समाधान वाटतं.

भेदभाव होतच नाही, असं मी मुलांना कधी सांगत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं आहे, की पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम आडनावांच्या अर्जांना बोलावणी कमी येतात. म्हणून जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय आधी काढा. कोणी मागितलेलंही नसतं. जाहिरातीत 'स्टॉक' किंवा 'बिलिंग' म्हटलं असेल आणि ते तुम्ही केलं असेल, तर तोच शब्द वापरा. टॅली आठवडाभरच शिकला असाल तर तसंच लिहा, मुलाखतीत पहिला प्रश्न तिथंच येतो. शेती केली, दुकान सांभाळलं, आजारी माणसाचं केलं, तर वर्षासकट लिहा. रिकामी जागा पाहून समोरचा वाईटच कल्पना करतो.

गजाननची नवी ओळ आम्ही दोघांनी मिळून लिहिली : 'कापूस हंगाम, २०२१ ते २०२४ : वजनकाट्यावर रोज ४०-५० गाड्यांची नोंद, ओलाव्यानुसार कपात, शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचा हिशोब.' छंद गेले, उंची गेली. कागद एका पानाचा झाला.

महिन्याभरानं एका सूतगिरणीच्या स्टोअरमधून त्याला बोलावणं आलं. बाहेर पडताच त्यानं फोन केला.

"मॅडम, त्यायनं पयले ओलाव्याचंच इचारलं."