कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणजे ढोंगीपणाच ना?

नाही. ढोंगी माणूस दुसऱ्याला फसवतो आणि ते त्याला माहीत असतं. कॉग्निटिव्ह डिसोनन्स, म्हणजेच बोधात्मक विसंवाद, ही आतली अस्वस्थता आहे. आपली दोन मतं, किंवा मत आणि वागणूक, एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा ती जाणवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी ही कल्पना १९५७ मध्ये मांडली.

१९५९ मध्ये त्यांनी कार्लस्मिथ यांच्यासोबत केलेला प्रयोग मला आजही थक्क करतो. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, लाकडी खुंट्या थोड्याथोड्या फिरवत राहायच्या वगैरे. मग पुढच्या व्यक्तीला 'काम फार मजेशीर आहे' असं सांगायला लावलं. काहींना या खोटं बोलण्याचा १ डॉलर मिळाला, काहींना २०. नंतर काम कसं वाटलं असं विचारल्यावर ते जास्त आवडल्याचं सांगितलं १ डॉलरवाल्यांनी! वीसवाल्यांकडे कारण होतं: पैसे मिळाले म्हणून बोललो. एका डॉलरसाठी खोटं बोललो हे मनाला पटेना, म्हणून मतच सरकलं.

तंबाखू खाणारा 'आमचे आजोबा खाऊनही नव्वदी गाठून गेले' म्हणतो, तेही बहुतेकदा हेच असतं. सवय सोडणं कठीण, समर्थन शोधणं सोपं. म्हणून अशा माणसाला खोटारडा ठरवू नका. आरोप झाला की तो आपलं समर्थन आणखी घट्ट धरतो. त्यापेक्षा 'सोडायचं म्हटलं तर काय आड येतं?' एवढं शांतपणे विचारा.