देव मानला नाही, तर चांगलं-वाईट ठरवायचं कशावर?

मुळात देव मानल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात युथिफ्रो नावाचा माणूस स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय. दारूच्या नशेत एका गुलामाला ठार मारणाऱ्या मजुराला बापाने हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं. पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस धाडला, आणि तो परत येईपर्यंत मजूर भुकेने-थंडीने मेला. खटला भरणं हेच देवांना प्रिय, असं युथिफ्रो छातीठोकपणे सांगतो. सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते योग्य, की योग्य आहे म्हणून देवांना आवडतं?

पहिलं मानलं तर उद्या देवांना क्रौर्य आवडलं की तेही पुण्य. दुसरं मानलं तर योग्यतेचा निकष देवांच्या आवडीबाहेर आहे. मग तो नास्तिकालाही शोधता येतो. (चांगुलपणा हा देवाचा स्वभावच, असं उत्तर काही आस्तिक देतात. माझ्या मते त्याने प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो.)

निकष कुठला, यावर मात्र भांडण आहे. तत्त्वज्ञांपैकी मिल एकूण सुख-दुःखाचा हिशोब मांडतो, ह्यूम माणसाच्या भावनेकडे बोट दाखवतो. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. त्या खड्ड्यातल्या मजुराबद्दल बोलायला मला कांट जास्त जवळचा वाटतो.