'हो' की 'नाही'? टॅरोचा पत्ता उघडण्याआधी लिहायच्या दोन ओळी

"मॅडम, कार्ड 'नाही' आलंय. आता काय करू?" प्रश्न कधी लग्नाचा असतो, कधी नोकरीचा, कधी मुलाच्या परदेशी शिक्षणाचा, समुपदेशक म्हणून मला ऐकू येणारं हे वाक्य मात्र तेच. कार्ड म्हणजे टॅरोचं: भविष्य किंवा सल्ला विचारायला काढतात त्या चित्रांच्या पत्त्यांपैकी एक. म्हणून एका बाईंबरोबर बऱ्याच भेटींत झालेलं बोलणं थोडक्यात मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई बँकेत अधिकारी. बढती मिळत होती, पण सोबत नागपूरची बदली होती आणि होकार कळवायची मुदत जवळ आली होती. मोबाइलवरच्या टॅरो अ‍ॅपला त्या रोज विचारत, "बदली घेऊ का?" कधी 'हो' यायचं, कधी 'नाही'. झोप पार उडाली होती.

टॅरोला थोतांड म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तसं केलं की माणूस पत्ते काढायचं थांबत नाही, आपल्याला सांगायचं तेवढं थांबवतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने समुपदेशन करते. त्या दृष्टीने पाहिलं तर त्रास पत्ता देत नाही. 'मला आत्ताच पक्की खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट देतो. म्हणून आम्ही आधी पत्ताच नीट पाहिला.

"काल कोणता आला?"

"आठ कप. खाली लिहिलं होतं, 'नाही'."

"चित्रात काय आहे?"

चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी टॅरोच्या १९०९ च्या संचासाठी काढलेलं ते चित्र. खाली पाच कप, वर तीन, वरच्या ओळीत एकाची जागा रिकामी. लाल झगा घातलेला माणूस त्यांच्याकडे पाठ करून, काठी टेकत डोंगराकडे चाललाय.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हा तर निघालाय."

"मग 'नाही' कशाला? जायला की राहायला?"

उत्तर आलं नाही. ७८ पत्त्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं. 'सूर्य' म्हणजे हो, 'मनोरा' म्हणजे नाही, इथवर फारसा वाद नाही. उरलेल्यांवर कुणीतरी यादी करून 'हो', 'नाही' चिकटवलेलं असतं.

पुढच्या भेटीत मी कागद दिला. पत्ता काढण्याआधी दोन ओळी लिहायच्या: 'हो' आलं तर मी काय करीन, 'नाही' आलं तर काय करीन. त्यांनी पहिली ओळ लिहिली, "घरी सांगावं लागेल." दुसरी लिहिली, "परत एकदा काढीन." आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मला 'हो'च हवंय," त्या म्हणाल्या. "फक्त सासूबाईंना आणि ह्यांना सांगायची हिंमत नाही."

या क्षणासाठीच मी तो कागद देते. इतके दिवस पत्त्याला विचारलेला प्रश्न मुळात पत्त्याचा नव्हताच. उरलेल्या भेटी घरी कसं बोलायचं, यावर गेल्या: आधी नवऱ्याशी, एकट्यात, मुलाची शाळा आणि घरखर्च यांचे आकडे हाताशी ठेवून, 'परवानगी द्या' असं न म्हणता 'मला जायचंय, कसं जमवायचं ते बघू' असं म्हणत. त्या बोलल्या. नवऱ्याचा पहिला प्रश्न शाळेचाच होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

ज्यांना पत्ते काढायचेच आहेत, त्यांनी एवढं सांभाळावं. सुलटा पत्ता 'हो', उलटा (चित्राचं डोकं खाली) 'नाही' हा नियम पाळणार असाल तर पिसताना निम्मे पत्ते उलट दिशेने फिरवून मिसळा. नवा संच सगळा सुलटा असतो. तो नुसता वरखाली पिसला तर एकही पत्ता उलटा होत नाही आणि दरवेळी 'हो'च येतं. मग लोक म्हणतात, पत्ते किती अनुकूल आहेत! सुलटा 'मनोरा' आला तर काय धरायचं, हेही आधीच ठरवा. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा उजवा-डावा म्हणजे काय ते आधी ठरलेलं असतं, तसंच. प्रश्न एकच, तोही मुदतीसकट: 'या महिन्यात अर्ज करू का?' 'तो माझ्यावर प्रेम करतो का?' हे त्यालाच विचारायचं. आजारपण, औषधं, कोर्टकचेरी, कर्ज यांसाठी पत्ता काढूच नका.

पत्ता उघडल्यावर अर्थ वाचण्याआधी मनात पहिलं काय आलं, ते लिहा. हायसं वाटलं की पोटात गोळा आला? माझ्या मते या साऱ्या खटाटोपात खरी कामाची माहिती तेवढीच.

आणि दुसऱ्यांदा काढू नका. उलट-सुलट निम्मेनिम्मे असतील, तर तीनदा काढल्यावर आठ शक्यतांपैकी सातांत एकदा तरी 'हो' येतंच. हवं ते उत्तर मिळेपर्यंत काढत राहिलं की ते मिळणारच, आणि आतून त्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आणखी एकदा काढलं जाणार. हात आवरत नसेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे जा, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.